क्रिप्टोकरन्सी सुरक्षित कुठे ठेवावी? एक्स्चेंज, मोबाइल वॉलेट की हार्डवेअर वॉलेट?

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवर सायबर हल्ला झाला. सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली. हल्ला ग्राहकांच्या खात्यांवर नव्हे, तर एक्स्चेंजच्या वॉलेटवर झाला होता. तरीही ग्राहकांची क्रिप्टो अडकली. एक्स्चेंजचे व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्यामुळे क्रिप्टो विकत घेण्याआधी ती ठेवणार कुठे, हे ठरवणे गरजेचे आहे.

वॉलेटमध्ये नेमके काय असते?

वॉलेटमध्ये बिटकॉइन नसते. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत, याची नोंद ब्लॉकचेनवर असते. ती नाणी दुसऱ्याला पाठवण्यासाठी एक गुप्त क्रमांक लागतो, त्याला 'प्रायव्हेट की' म्हणतात. वॉलेट ही किल्ली सांभाळते. किल्ली ज्याच्या हातात, त्याच्या ताब्यात नाणी. म्हणून ती कोणाकडे असेल, यावरच पर्याय ठरतो.

कोणते पर्याय आहेत?

१. एक्स्चेंज : किल्ली कंपनीकडे असते. पासवर्ड विसरला तर ओळख पटवून खाते परत मिळवता येते, त्यामुळे नवख्यांना हे सोपे वाटते. पण कंपनी बुडाली किंवा तिच्यावर हल्ला झाला, तर ग्राहकाच्या हातात फारसे काही उरत नाही. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण असते, तसे क्रिप्टोला नाही. एक्स्चेंज भारताच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणीकृत आहे का, हे तपासावे. मात्र नोंदणी म्हणजे पैशांची हमी नव्हे.

२. मोबाइल वॉलेट : किल्ली स्वतःच्या फोनमध्ये राहते. हे मोफत आणि वापरायला सोपे असते. फोन इंटरनेटला जोडलेला असल्याने बनावट अॅप आणि फसव्या लिंकचा धोका असतो. याला 'हॉट वॉलेट' म्हणतात.

३. हार्डवेअर वॉलेट : पेन ड्राइव्हसारख्या छोट्या उपकरणात किल्ली इंटरनेटपासून दूर राहते. व्यवहाराला मंजुरी उपकरणावरच द्यावी लागते. लेजर आणि ट्रेझर ही यातील ओळखीची नावे. त्यासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. उपकरण वापरलेले घेऊ नये. त्यासोबत आधीच छापलेले गुप्त शब्द आले, तर ती फसवणूक समजावी.

सीड फ्रेज का जपायची?

स्वतःचे वॉलेट सुरू करताना साधारणपणे १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. हीच सीड फ्रेज. फोन हरवला किंवा उपकरण बिघडले, तरी या शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभे करता येते. पण शब्द हरवले आणि उपकरणही गेले, तर कोणतीही कंपनी किंवा न्यायालय ते परत मिळवून देऊ शकत नाही. ब्रिटनमधील न्यूपोर्ट शहरात २०१३ साली हजारो बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क कचऱ्यात गेली, ती आजवर सापडलेली नाही.

* शब्द त्याच क्रमाने कागदावर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत.
* त्यांचा फोटो, स्क्रीनशॉट किंवा व्हॉट्सअॅप मेसेज करू नये.
* 'कस्टमर केअर'ने मागितले तरी ते सांगू नयेत. खरी कंपनी ते कधीच विचारत नाही.
* कागद कुठे आहे, हे घरातील एका विश्वासू व्यक्तीला माहीत असावे.

नवख्यांनी काय निवडावे?

शिकण्यापुरती छोटी रक्कम असेल, तर नोंदणीकृत एक्स्चेंज पुरेसे आहे. तिथे टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन सुरू करावे आणि त्यासाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अॅप वापरावे. गेल्यास झोप उडेल इतकी रक्कम झाली आणि ती वर्षानुवर्षे ठेवायची असेल, तर हार्डवेअर वॉलेटचा विचार करावा. मोबाइल वॉलेटमध्ये खिशातल्या पाकिटात ठेवतो तेवढीच रक्कम असावी.

वॉलेट बदलताना आधी अगदी थोडी रक्कम पाठवून पाहावी. पत्ता किंवा नेटवर्क चुकले, तर व्यवहार मागे घेता येत नाही. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.