एकाची तक्रार, सर्वांच्या वतीने

500 जीबीची हार्ड डिस्क जालन्यातल्या दुकानातून आणून संगणकाला जोडली, की विंडोजमध्ये जागा दिसते 465 जीबी. डिस्क खराब नसते. कंपनी एक जीबी म्हणजे 1 अब्ज बाइट धरते, विंडोज 1024 च्या पटीत मोजते. तरी खोक्यावरचा आकडा दिशाभूल करतो, असे म्हणत अमेरिकेतल्या ग्राहकांनी सीगेटला कोर्टात खेचले आणि 2007 च्या तडजोडीत 5 टक्के परतावा किंवा बॅकअपचे सॉफ्टवेअर पदरात पाडून घेतले. पुढे जीटीएक्स 970 या ग्राफिक्स कार्डाच्या 4 जीबी मेमरीवरून एनव्हिडियाने प्रत्येकी 30 डॉलर देण्याचे मान्य केले. एवढ्याशा रकमेसाठी एकटा माणूस कोर्टाची पायरी चढत नाही. म्हणूनच एकाने सर्वांच्या वतीने भांडण्याची ही सोय.

सोय अमेरिकी वाटली, तरी तिचे मूळ इंग्लंडच्या चान्सरी न्यायालयात आहे. हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला पक्षकार करा, हा तिथला नियम. माणसे फार झाली की तो पाळता येईना, म्हणून काहींनी बाकीच्यांच्या वतीने उभे राहण्याची मुभा आली. तिची एक शाखा अमेरिकेत 1938 साली ‘नियम 23’ झाली आणि 1966 च्या दुरुस्तीनंतर बळावली. दुसरी भारतात 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ‘आदेश 1, नियम 8’ म्हणून आली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इथे ती संहिता 1951 मध्ये लागू झाली. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने कलम 12 मध्ये हाच नियम घेतला. 2019 च्या कायद्यात तो कलम 35 मध्ये आहे.

म्हणजे कायदा होता. उणीव खर्च उचलणाऱ्याची होती. अमेरिकेत वकील भरपाईतल्या वाट्यावर दावा चालवतो, आपल्याकडे वकिलाला तशी फी घेता येत नाही. त्यातच सर्व संबंधितांना नोटीस द्यावी लागते. या तरतुदीवरचे 2016 आणि 2021 चे महत्त्वाचे निकाल फ्लॅट खरेदीदारांचे आहेत, हा योगायोग नव्हे: तिथे रक्कमच खर्च पेलणारी असते. एकट्याला जालन्याच्या जिल्हा आयोगात 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. सर्वांच्या वतीने गेल्यास, 2016 च्या निकालानुसार, सगळ्यांची बेरीज धरली जाते आणि प्रकरण वरच्या आयोगाकडे जाऊ शकते.

यावर कुणी म्हणेल, अशा तडजोडीत ग्राहकाला चिल्लर आणि वकिलाला घबाड मिळते. खरे आहे, पण फसव्या आकड्यावर कमावलेला पैसा कंपनीकडेच राहणे त्याहून वाईट. दुसरा आक्षेप असा, की दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहेच. त्याचा दंड पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत, पुन्हा तोच गुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत; माल हजार विकला असो वा कोटी, मर्यादा तीच. याउलट 2019 च्या कायद्याच्या कलम 39 प्रमाणे, नुकसान झालेले असंख्य ग्राहक सहज ओळखता येत नसतील, तर सदोष मालाच्या किमतीच्या किमान 25 टक्के वसूल करता येतात. हे हत्यार मान्यताप्राप्त ग्राहक संघटनांनी उचलावे आणि नोटिशीचा खर्च ग्राहक कल्याण निधीतून मिळावा. तसे झाले, तर 35 जीबीसाठी भांडणेही परवडेल.