लोणार येथील दैवतसंकल्पना आणि व्यक्तिगत श्रद्धा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
धर्मेतिहासाच्या अभ्यासात दैवताचा विचार प्रामुख्याने ग्रंथ, शिलालेख व मंदिरस्थापत्य यांच्या आधारे केला जातो. भक्ताच्या मनातील दैवत मात्र बहुधा अभ्यासाबाहेर राहते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे ही उणीव विशेषत्वाने जाणवते. या दृष्टीने तेथील दैवतसंकल्पनेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या लोणार विवराचा व्यास सुमारे १.८ कि.मी. असून त्यातील सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी'त हे पवित्र स्थळ असून ब्राह्मण त्यास 'विष्णुगया' म्हणतात, अशी नोंद आहे. काच व साबणासाठी लागणारे पदार्थ येथे मिळत, असेही तेथे नमूद आहे. श्रद्धा व उपजीविका यांचा असा एकत्र उल्लेख लक्षणीय ठरतो. १८२३ मध्ये ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी या स्थळाची नोंद केली.

दैवताची तीन रूपे :
गावातील दैत्यसूदन मंदिरात विष्णू हा लवणासुराचा संहारक आहे. येथे दैवत पौराणिक कथेचा नायक ठरते. विवराच्या तळाशी, सरोवराकाठी कमळजा देवीचे मंदिर असून नवरात्रात तेथे यात्रा भरते. नवस बोलणाऱ्या व ओटी भरणाऱ्या स्त्रीसाठी ही देवी कथेतील पात्र नसून घरच्या सुखदुःखात धावून येणारी आई असते. विवराच्या कडेवरील बारमाही धारेत स्नान करणाऱ्यास तर जलच पावन वाटते. एकच भक्त एकाच दिवशी ही तिन्ही रूपे अनुभवतो आणि त्यांत त्याला विसंगती जाणवत नाही. इष्टदेवता, कुलदैवत व ग्रामदैवत हा भेद मराठी समाजाने याच सहजतेने सांभाळला आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात समन्वयाची प्रक्रिया दैवताच्या इतिहासात शोधली, लोणारात ती व्यक्तीच्या उपासनेतही दिसते.

तुलनात्मक विचार :
अशी मोकळीक केवळ भारतीय नाही. ब्रिटनमध्ये रॉस निकोल्स यांनी १९६४ मध्ये स्थापलेल्या ड्रुइड संघटनेत दैवताविषयी एकच मत बंधनकारक नाही. कोणी एकेश्वरवादी, कोणी अनेकदेवतावादी, तर कोणी निसर्गालाच दैवत मानतो. तथापि तेथे व्यक्ती आपली दैवतकल्पना मुख्यत्वे स्वतः निवडते; लोणारात ती कुळ, गाव व यात्रा यांतून वारशाने लाभते आणि मग व्यक्तिगत होते. हा फरक महत्त्वाचा आहे.

निष्कर्ष :
जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा वैज्ञानिकांनी त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले. त्याच वर्षी सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. संरक्षणाच्या दृष्टीने ही बाब स्वागतार्ह आहे. परंतु खडक, पाणी व शिल्प यांचीच नोंद झाली आणि त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या माणसांची झाली नाही, तर या स्थळाचा इतिहास अपुरा राहील. ज्या पाण्याला आईचे स्थान आहे, ते राखण्याची जबाबदारी केवळ कायद्याने येत नाही. म्हणून यात्रेकरूंच्या मौखिक निवेदनांचे पद्धतशीर संकलन होणे ही काळाची गरज असून परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे कार्य सहज हाती घेता येईल.