जबडा गेल्यावर दात कशात रोवायचे?

आजचा धागा एका जुन्या कायद्याचा आणि हरवलेल्या जबड्यांचा.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी साथरोग कायदा जन्मला. पुण्याच्या स्मृतीत तो रँडच्या घरझडत्यांशी जोडलेला आहे. मे २०२१ मध्ये याच कायद्यान्वये म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’, अधिसूचित करण्यास केंद्राने राज्यांना सांगितले. महाराष्ट्रात या आजाराचे हजारो रुग्ण आढळले होते.

ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून हाडाचा रक्तपुरवठा तोडते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा यांनी तिला वाट करून दिली. मृत हाड कापून काढण्यावाचून गत्यंतर नसते. अनेकांचा वरचा जबडा असा गेला. टाळूला भगदाड पडले की प्यायलेले पाणी नाकातून येते, शब्द कळेनासे होतात आणि भाकरी तर दूरच राहते.

भगदाडावर झाकण बसवण्याची युक्ती जुनी आहे. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रूआझ पारे यांनी तिचे वर्णन केले आहे. पण झाकण अडकवायला दात हवेत.

१९५२ मध्ये स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियम निघता निघेना. हाडाने त्याला आपलेसे केले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट रोवले. आजचे दंतरोपण तिथून सुरू होते.

मात्र त्याला हाड लागते. (भाटघरला राहणाऱ्यास हे वेगळे सांगायला नको: १९२८ चे आपले धरण उभे आहे ते खालच्या खडकावर.) जबडाच नसेल तर? ब्रॉनेमार्क यांनीच पुढे गालाच्या हाडाचा आधार घेतला. नेहमीचा खुंट साधारण १० मिलिमीटरचा. गालफडात जाणारा ३० ते ५० मिलिमीटरचा. बुरशीने ते हाडही खाल्ले असेल, तर सीटी स्कॅनवरून त्या एकाच रुग्णापुरती टायटॅनियमची चौकट घडवावी लागते. तीही बुरशी पुरती गेल्याची खात्री पटल्यावर.

२०२१ मध्ये राज्याने या आजारावरील उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आणले, हे योग्यच झाले. परंतु १८९७ चा कायदा साथ आवरण्यासाठी घडला होता. त्याच्या नोंदीत रुग्ण बाधित, बरा किंवा मृत असतो. ‘बरा, पण चावता येत नाही’ असा रकाना त्यात नाही.