सायकलीला मोटर आणि सांगाड्याची परीक्षा

सायकलीला मोटर जोडली की ती पळेल, हे शाळेतले पोरही सांगेल. पण जिला जोडायची ती सायकल टिकेल काय? मोटारसायकलीचा आरंभीचा इतिहास पुष्कळ अंशी याच प्रश्नाचा इतिहास आहे. इंजिन हाती आले. पण ते ठेवायचे कोठे आणि कशावर, हे ठरायला काही वर्षे जावी लागली.

पॅरिसमध्ये वर्नर बंधूंनी १८९७ साली सायकलीच्या पुढच्या चाकावर, हँडलपाशी, छोटे इंजिन बसवले आणि पट्ट्याने तेच चाक फिरवले. गाडी खपलीही. पण सारे वजन उंचावर! डोक्यावर घागर घेऊन निसरड्या बांधावरून चालताना काय होते, ते आपल्या आयाबहिणींना विचारा. ओल्या रस्त्यावर ही गाडी घसरे. आणि पडली म्हणजे ज्योतीने तापणाऱ्या त्या इंजिनामुळे पेट घेण्याचे भय असे. शेवटी १९०१ साली याच बंधूंनी इंजिन खाली, पायडलांच्या आसाजवळ, सांगाड्यातच बसवले. पुढे जगाने बहुतांशी हीच जागा मान्य केली.

इंग्लंडात ट्रायम्फने १९०२ साली बेल्जियमचे मिनर्व्हा इंजिन वापरले. पण सायकल मुद्दाम बळकट करून घेतली. अमेरिकेत मिलवॉकी गावी हार्ले आणि डेव्हिडसन या तरुणांनी साध्या सायकलीच्या सांगाड्यात ११६ घनसेंटिमीटरचे इंजिन घातले. चढ आला की पायडल मारावे लागे! मग त्यांनी ४०५ घनसेंटिमीटरचे इंजिन घेतले, पण त्याबरोबर सांगाडाही नव्याने, इंजिनाला कवेत घेणारा, घडवला. जपानात सोइचिरो होंडा यांनी १९४६ साली लष्कराच्या बिनतारी यंत्रांची उरलेली छोटी इंजिने सायकलींना जोडली. इंजिन लहान, म्हणून सायकलीने ते सोसले. आपल्याकडे १९७२ साली आलेल्या लूनाला पायडल होते. सांगाडा मात्र मोटरीसाठीच घडवलेला होता.

यामागचे कारण साधे आहे. संथपणे पायडल मारणारा माणूस सुमारे एक दशांश अश्वशक्ती देतो. एक अश्वशक्तीची मोटर म्हणजे दहा माणसांचे बळ! शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला सुमारे चौपट अंतर लागते. खड्ड्यांचे हिसकेही वाढतात, आणि लोखंड एका फटक्याने न तुटता हजारो हिसक्यांनी थकून तुटते.

आज चाकाच्या तुंब्यातच बसणारी विजेची मोटर मिळते; गावोगावची मुले ती जोडतात. त्यांना इतकेच सांगा: सांगाडा पोलादी व जाड नळीचा असावा. हँडलच्या नळीपाशी, चिमट्याच्या मानेपाशी रंगाला केसाएवढी भेग दिसली, तर तो नाकारावा. वाकवून सरळ केलेला चिमटा तर मुळीच नको. आस ज्या खाचेत बसतो ती पातळ असेल, तर मोटरीच्या पिळाने ती फाकते आणि चाक निसटते. तेथे आधाराची पट्टी हवीच. बॅटरी उंच कॅरिअरवर न ठेवता सांगाड्याच्या मध्ये, खाली बांधावी. आणि ब्रेक आधी, मोटर नंतर.

शिक्षकांनी एखादी जुनी सायकल वर्गात आणून हे सांधे मुलांना बोटाने दाखवावेत. वर्नर बंधू जे पडूनझडून शिकले, ते आपल्या मुलांनी न पडता शिकावे.