ढील : साताऱ्याची प्रिया, सांगलीचा रस्ता आणि मुठीतले चार मिलिमीटर

गाडी चालवत हा भाग ऐकत असाल तर आधी गाडी बाजूला घ्या आणि इअरफोन काढा. घरी पोहोचल्यावर ऐका. विषय गाडीचाच आहे, तो कुठं पळून जात नाही.

आज इतिहास सांगणार आहे, पण गडकिल्ल्यांचा नाही. तुमच्या उजव्या मुठीतल्या चार मिलिमीटरचा. बंद गाडीजवळ जा आणि ॲक्सिलरेटर हळूच पिळा. सुरुवातीला मूठ जराशी मोकळीच फिरते, मग बोटांना ताण लागतो. त्या मोकळ्या फिरण्याला मॅन्युअलमध्ये 'फ्री प्ले' म्हणतात. आमच्याकडं गॅरेजवर म्हणतात 'ढील'. पतंगाला देतात तीच.

मी साताऱ्याचा, बीटेक केलं सांगलीत, वालचंदला. चार वर्षं शनिवारी साताऱ्याला जायचं आणि रविवारी परत यायचं. वाटेत कराड, पेठ नाका, आष्टा. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. (नकाशावर हे दोन जिल्हे आहेत, पण १९४९ ला वेगळा निघालेला सांगली जिल्हा १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' याच नावानं ओळखला जायचा. त्यामुळं मी दर आठवड्याला जिल्हा ओलांडत होतो असं मला कधी वाटलंच नाही.) गाडी सेकंडहँड, दीडशे सीसी. केबल मी तीन वर्षांत एकदाही बघितली नव्हती.

तिसऱ्या वर्षाला, गाळपाच्या हंगामात, आष्ट्याच्या पुढं एका उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, ताशी पंधराचा वेग. समोरून रस्ता मोकळा दिसला म्हणून मूठ पिळली. काहीच नाही. आणखी पिळली, तरी काही नाही. मग एकदम गाडीनं उडी मारली आणि मी ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर ब्रेक दाबून थांबलो. उसाची पानं हेल्मेटच्या काचेवर घासून गेली.

होस्टेलवर येऊन मी काय केलं असेल? इंजिनिअरिंगचा पोरगा. पाना घेतला आणि सगळी ढील काढून टाकली. शून्य. मूठ हलवली की गाडी हलणार, मधे उशीर नाही. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी विश्रामबागला यू-टर्न घेताना हँडल पूर्ण वळवलं आणि इंजिन आपोआप रेस झालं. माझा हात होता तिथंच होता, गाडी मात्र पुढं निघाली. पडलो. गुडघा सोलला, आरसा फुटला, आणि चहाच्या टपरीवरच्या लोकांना दिवसभराचा विषय मिळाला.

म्हणजे ढील जास्त असली तरी पडायची वेळ येते आणि नसली तरी पडतोच. हे मला पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं साताऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी. काका 'स्कूटर'मधून रिटायर झालेले. साताऱ्यात 'स्कूटरमध्ये आहे' म्हटलं की एकच अर्थ होता, एमआयडीसीतली महाराष्ट्र स्कूटर्स.

तर आता खरा इतिहास.

आधी केबल. तुमच्या आजोबांची जुनी काळी सायकल आठवा. तिच्या ब्रेकला वायर नसते, हँडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळ्या असतात. सळीला वळण घेता येत नाही, म्हणून मधे सांधे आणि प्रत्येक सांध्यात खडखड. १८९६ साली अर्नेस्ट बाउडेन नावाच्या माणसानं यावर उपाय शोधून पेटंट घेतलं. आत ओढली जाणारी तार, बाहेर तारेच्याच वेटोळ्यांची नळी. नळीची दोन्ही टोकं पक्की धरली की आतली तार कशीही वळवून नेली तरी ओढ पलीकडं पोहोचते. सायकलच्या ब्रेकसाठी केलेली ही युक्ती पुढं मोटरसायकलचा ब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटर असं करत सगळीकडं गेली.

पण यात एक गंमत आहे. नळी वाकवली की आतली तार आणि बाहेरची नळी यांचं गणित थोडं बदलतं. हँडल वळवलं की केबल वाकते. तारेत थोडी जागा नसेल तर ते वाकणंच कार्ब्युरेटरला 'पिळलं' असं वाटतं. विश्रामबागला माझी गाडी मूठ न पिळता रेस झाली ती यामुळंच. ढील ही बाउडेनच्या युक्तीची किंमत आहे, आणि ती मोजावीच लागते.

काकांना मी गुडघा दाखवला तर ते हसले. "काय रं, केबल ताणून बसलास व्हय? चल, तुला आमची बाई दाखवतो." बाई म्हणजे त्यांची प्रिया. ताडपत्रीखाली, मागच्या अंगणात.

प्रिया समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. बजाजनं पिआजिओच्या सहकार्यानं व्हेस्पा इथं बनवायला सुरुवात केली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून चेतक आली. तेव्हा परवाना राज होतं. किती स्कूटर बनवायच्या हे कारखाना नाही, सरकार ठरवायचं, आणि लोक बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबायचे. लग्नात 'स्कूटरचा नंबर लागलाय' हे स्थळाचं भांडवल असायचं. अशा वेळी जून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली. भागीदार दोन, बजाज आणि राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ. कारखाना साताऱ्यात, गाडीचं नाव प्रिया. दीडशे सीसी, टू-स्ट्रोक, अंगानं अस्सल व्हेस्पाच्या घराण्यातली.

पुण्याच्या दक्षिणेला, ऊस आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, स्कूटर तयार होत होती. शेतकऱ्याच्या घरातला दहावी-आयटीआय झालेला पोरगा शिफ्टला जाऊ लागला. काका त्यातलेच. मला वाटतं, या भागात पाना धरायचं शिक्षण जितकं कॉलेजांनी दिलं तितकंच त्या एका कारखान्यानं दिलं. हे माझं मत आहे, आकडे मागू नका.

काकांनी प्रियाचा उजवा काऊल काढला आणि मला केबलचा प्रवास दाखवला. मूठ पिळली की हँडलच्या आतला दांडा फिरतो, दांड्याच्या टोकाला पुली, तिथून तार खाली, पायाखालच्या पत्र्याच्या आतून मागं, आणि मग इंजिनवरच्या कार्ब्युरेटरपर्यंत. मोटरसायकलला टाकीखालून हातभर गेलं की संपतं. इथं सगळी गाडी पार करायची. शिवाय या स्कूटरचं इंजिन फ्रेमला पक्कं बसवलेलं नसतं. ते चाकासकट वरखाली झुलतं. खड्डा आला की इंजिन हलणार, म्हणजे केबलचं एक टोकही हलणार. ताणून बसवलेली केबल असेल तर प्रत्येक खड्ड्याला गाडी स्वतःच रेस खाणार. "म्हणून हिला जागा द्यायची," काका म्हणाले. "किती द्यायची ते हाताला कळतं."

मी सॉफ्टवेअरवाला, मला 'हाताला कळतं' चालत नाही. नंतर मॅन्युअल उघडलं. आपल्या नेहमीच्या बऱ्याच मोटरसायकलींना मुठीच्या कडेवर मोजून २ ते ६ मिलिमीटर सांगितलेलं असतं. मग काकांनी हातानं लावलेली केबल पट्टीनं मोजली. चार.

ढील वाढली की गाडी गचके का देते, तेही सांगतो. खड्ड्याला मूठ सोडली, पुन्हा पिळली. ढिलीतून जाताना इंजिनला काहीच कळत नाही. तुम्ही वैतागून जास्त पिळता आणि ढील संपल्याक्षणी ते जास्तीचं पिळणं एकदम पोहोचतं. त्यात चेन लूज असेल तर तिची ढीलही यात मिळते. नवीन इंजेक्शनच्या गाड्यांत मूठ पूर्ण सोडली की पेट्रोल बंद होतं आणि पिळल्यावर पुन्हा सुरू होतं, त्याचा धक्का वेगळा. मोबाईलवर गेम खेळणाऱ्यांना 'डेड झोन' माहीत असेल. जॉयस्टिक थोडी हलवली तरी माणूस हलत नाही, ती जागा. मोठा ठेवला तर नेम चुकतो, शून्य ठेवला तर माणूस स्वतःच चालायला लागतो. माझ्या गाडीचं दोन्ही झालं.

लावायची पद्धत सोपी आहे. मुठीजवळ केबलवर रबर असतो, तो सरकवा. लॉकनट सैल करा, ॲडजस्टर फिरवा, ढील मोजा, लॉकनट घट्ट करा. तिथं पुरलं नाही तर इंजिनकडच्या टोकालाही ॲडजस्टर असतो. मग गाडी न्यूट्रलला चालू करा आणि हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवा. आवाज जराही वाढला तर ढील कमी आहे. मूठ पिळून सोडा, ती आपोआप झटकन परत आली पाहिजे. नाही आली, किंवा टोकाशी तारेचे केस निघालेले दिसले, तर ॲडजस्ट करत बसू नका, केबलच बदला. ही हँडल वळवायची तपासणी मी केली असती तर आरसा वाचला असता.

आता केबलच जायला लागली आहे. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकला २०१७ पासून 'राइड बाय वायर' आलं. मुठीत सेन्सर, पुढचं सगळं कॉम्प्युटर बघतो. नावात 'वायर' आहे, पण ओढायची तार नाही. माझ्या धंद्यातली गोष्ट म्हणून सांगतो, ढील तिथंही जात नाही. सेन्सरचं शून्य थोडं इकडंतिकडं होतं, म्हणून शून्याजवळ थोडी जागा सोडावी लागते. फक्त ती आता पान्यानं लावता येत नाही, कोडमध्ये लिहिलेली असते. जानेवारी २०२० मध्ये चेतक परत आली ती विजेवर. तिच्यातही केबल नाही.

साताऱ्याच्या कारखान्यात स्कूटर बनणं २००६ मध्ये थांबलं. तोवर लोक मोटरसायकलींकडं वळले होते. कंपनी बंद पडली नाही, डाय, जिग, कास्टिंग अशी कामं करत राहिली. दोन भागीदारांचा शेअरच्या किमतीवरून वाद मात्र कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिला आणि २०१९ ला महामंडळाचा २७ टक्के हिस्सा बजाजकडं गेला. त्यावर वेगळा भाग होईल.

काकांची प्रिया अजून चालू आहे. गेल्या दिवाळीत तिची केबल तुटली आणि साताऱ्यात तीन दुकानं फिरून मिळाली नाही, शेवटी कोल्हापूरहून मागवली. बसवायला मी होतो. काकांचे हात आता थरथरतात, म्हणून पाना माझ्या हातात आणि सूचना त्यांच्या. पट्टी लावू दिली नाही.

तुमच्या घरात कुणी 'स्कूटर'मध्ये होतं का? असेल तर त्यांच्याकडून केबल कशी लावायचे ते विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. आवाज थोडा खरखरीत आला तरी चालेल, मी साफ करून घेतो. चला, भेटू पुढच्या भागात.