समाधानाचा जमाखर्च

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) कवितेविषयी लिहिताना त्यांच्या समाधानी वृत्तीचा उल्लेख इतक्या सवयीने केला जातो, की त्या समाधानाची घरात काय किंमत पडत होती, हे विचारायचे राहूनच जाते. ते विचारण्याची सोय मराठीत आहे. कारण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापाशी आहेत.

ख्रिस्ती परंपरेत या विषयाचे मूळ पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सापडते. विपुलता असो वा टंचाई, दोहोंत तृप्त राहावयास आपण शिकलो, असे तो तेथे सांगतो. त्याने योजलेला ग्रीक शब्द स्टोइक तत्त्वज्ञांच्या आवडीचा; स्वयंपूर्णता हा त्याचा अर्थ. परंतु पौल तो उच्चारतो, ते एपफ्रदीताच्या हाती आलेल्या मदतीची पोच देताना. स्वयंपूर्ण मनुष्य पोच कशाला देईल? स्टोइकांचा शब्द घेऊन पौलाने त्यात परस्परावलंबन भरले, असे आम्हांस वाटते. शिवाय ‘शिकलो’ हे क्रियापदही नजरेआड करता येत नाही. जे स्वभावतःच असते, ते शिकावे लागत नाही.

टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. तेव्हा त्यांच्या समाधानाला वारकरी वैराग्याचा रंग असणे स्वाभाविकच. पैसा हाती टिकू द्यायचा नाही, हा त्यांचा जणू नेमच होता. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. मिशनच्या वेतनावर पोसलेली ख्रिस्ती मंडळी खऱ्या अर्थाने या मातीतली होणार नाही, ही त्यांची धारणा होती. या त्यागाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण पगार सोडणाऱ्याला संन्यासी म्हणतात. पगाराविना चूल पेटवणारीला काय म्हणावे, याला आपल्या समीक्षेत शब्द नाही.

लक्ष्मीबाईंचे समाधान निराळ्या वाटेने आले. पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षांची ताटातूट, मग पुन्हा एकत्र संसार, सोवळ्याओवळ्याचा एकेक पापुद्रा गळून पडणे आणि १९०० साली बाप्तिस्मा. यातले काहीही एका क्षणात घडले नाही. ‘स्मृतिचित्रे’त त्या टिळकांवर चिडतात, त्यांच्या लहरींची थट्टा करतात, आणि तरीही संसार टाकून देत नाहीत. तक्रार न करणे म्हणजे समाधान, ही प्रवचनांतली व्याख्या या पुस्तकापुढे लंगडी पडते. येथे तक्रार पुरेपूर आहे. फक्त तिला कडवटपणाचा वास नाही. वर्गात आपण ज्याला ‘लक्ष्मीबाईंचा निर्मळ विनोद’ म्हणून दोन गुणांच्या टिपेत बसवतो, तो आमच्या मते त्यांच्या शिकण्याचाच पुरावा होय. टिळकांनी गीतांत गायिलेली तृप्ती त्यांनी हिशेबाच्या वहीत उतरवून पाहिली, आणि बाकी शून्य आली तरी वही मिटली नाही.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. नियमित शालेय शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहावयास घेतले.