घरामागचे हरीण, मचाणावरचा तिरंदाज आणि लाइमचा आजार

मागच्या महिन्यात एक जुने पेशंट बीपी तपासायला आले होते. सहा महिने न्यू जर्सीला मुलीकडे राहून नुकतेच परतले होते. बीपी ठीक निघाले, तरी उठेनात. मोबाइल काढून त्यांनी मला एका पत्रकाचा फोटो दाखवला. मुलीच्या गावाच्या नगरपालिकेने घरोघर वाटलेले ते पत्रक होते. या हिवाळ्यात तुमच्या घरांमागच्या झाडीत परवानाधारक तिरंदाज मचाण बांधून हरणांची शिकार करतील, अशी त्यात सूचना होती.

"डॉक्टर, माझी नात रोज सकाळी खिडकीतून त्या हरणांना गुड मॉर्निंग करते. आणि हे लोक म्हणतात, हरणांमुळे आजार होतो. खरं आहे का हो?"

"हो आणि नाही," मी म्हणालो. बाहेर पंधरा पेशंट बसले होते, त्यामुळे उत्तर तिथेच थांबले. ते आज पूर्ण करतो. तुमच्यापैकीही अनेकांची मुले तिकडे आहेत, आणि उन्हाळ्यात नातवंडांना घेऊन त्याच अंगणात तुम्ही बसणार आहात.

सुरुवात हरणांपासून करू. पांढऱ्या शेपटीचे हे अमेरिकन हरीण आज तिथे इतके माजले आहे की एकेकाळी ते संपत आले होते यावर विश्वास बसत नाही. एकोणिसाव्या शतकात मांसासाठी आणि कातड्यासाठी त्याची बेसुमार कत्तल झाली, शेतीसाठी जंगले तोडली गेली. १९०० च्या सुमारास संपूर्ण अमेरिकेत जेमतेम तीन ते पाच लाख हरणे उरली असावीत असा अंदाज आहे. मग कायदे झाले. १९०० च्या लेसी कायद्याने चोरट्या शिकारीच्या मालाच्या आंतरराज्य व्यापाराला चाप बसला. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. ईशान्येकडच्या शेतकऱ्यांनी खडकाळ जमिनी सोडल्या आणि तिथे पुन्हा रान वाढले. लांडगे आणि प्यूमा मात्र माणसाने आधीच संपवले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर या रानात उपनगरे शिरली. हिरवळ, गुलाब, ट्युलिप, आणि बंदूक चालवायला बंदी. हरणाला आणखी काय हवे? चांगले खायला मिळाले की मादीला बहुधा जुळी होतात. आज तिथे सुमारे तीन कोटी हरणे आहेत.

आता आजाराकडे येऊ. लाइम म्हणजे लिंबूही नव्हे आणि चुनाही नव्हे. ते कनेक्टिकट राज्यातल्या एका गावाचे नाव आहे. या गावातल्या पॉली मरे या गृहिणीच्या घरात वर्षानुवर्षे कुणाला ना कुणाला ताप, अंगावर चट्टे, सुजलेले गुडघे असे चालू होते. डॉक्टरांनी त्यांना मनाचे खेळ म्हणून वाटेला लावले होते. (हे वाचताना आम्हा डॉक्टरांनी थोडे ओशाळायला हवे.) त्यांनी स्वतःच नोंदी ठेवल्या, शेजारपाजारची अशीच मुले शोधली. १९७५ मध्ये त्यांनी आणि दुसऱ्या एका आईने आरोग्य खात्याला कळवले. येल विद्यापीठातले तरुण संधिवाततज्ज्ञ ॲलन स्टीअर तपासाला आले. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने ५१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतली ३९ मुले होती. लहान मुलांना संधिवात एखाद्यालाच होतो, आणि इथे तर एकाच रस्त्यावर चारचार घरांत सुजलेले गुडघे सापडत होते. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावरून आणलेल्या गोचिडींच्या पोटात मळसूत्रासारखे जिवाणू दिसले. हाच लाइमचा जंतू. अमेरिकेत आज दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर या आजाराचे उपचार होतात, असा तिथल्या रोग नियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

गोचीड चावते हे झाले, पण हरणाचा संबंध काय? इथेच तुमचा गोंधळ होतो, आणि पत्रके लिहिणाऱ्यांचाही. हरीण गोचिडीला हा जंतू देत नाही. तो मिळतो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या रानउंदराकडून. अंड्यातून निघालेले पिल्लू पहिले रक्त पिते ते बहुधा उंदराचे, आणि तिथेच जंतू घेते. पुढच्या वसंतात ते खसखशीच्या दाण्याएवढे झालेले असते. माणसाला बहुतेक वेळा चावते ते याच वयात, कारण ते दिसतच नाही. शेवटच्या टप्प्यावर पूर्ण वाढलेल्या मादीला मात्र मोठे जनावर लागते. नर-मादी हरणाच्या अंगावर भेटतात, मादी पोटभर रक्त पिऊन खाली पडते आणि हजार-दोन हजार अंडी घालते. म्हणजे उंदीर हा गोचिडींचा संसर्गाचा अड्डा, आणि हरीण त्यांचे मंगल कार्यालय. कार्यालय बंद केले तर लग्ने थांबतील का, असा हा सगळा प्रश्न आहे.

पण धनुष्यबाणच का? या गोष्टीत एक डॉक्टर आहे, त्यामुळे मी इथे जरा रेंगाळणार आहे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोविल गावात एक उपाशी, एकटा आदिवासी माणूस सापडला. त्याची याही जमात गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारून संपवली होती. तो शेवटचा. स्वतःचे नाव तो सांगेना, म्हणून त्याला त्याच्या भाषेतल्या 'माणूस' या अर्थाच्या शब्दाने 'इशी' म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवले, शेजारीच वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. तिथले सर्जन सॅक्स्टन पोप त्याचे डॉक्टर झाले आणि हळूहळू शिष्यही. इशीने त्यांना धनुष्य तासायला, बाणाला पिसे बांधायला, दबा धरायला शिकवले. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. त्याच्या लोकांच्या रीतीत देहाची चिरफाड बसत नव्हती, तरी शवविच्छेदन झाले आणि त्याचा मेंदू काढून वॉशिंग्टनला पाठवला गेला. तो २००० साली त्याच्या नातलग जमातींना परत मिळाला. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि गोऱ्या अमेरिकेत ही विद्या नव्याने रुजली. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने दोन काउंट्यांत फक्त धनुष्यबाणासाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा मोसम दिला. पुढे मिसुरीतल्या ॲलन नावाच्या गृहस्थांनी धनुष्याला कप्प्या लावल्या. १९६९ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. कप्प्यांमुळे ताणलेली दोरी धरून ठेवायला फार कमी ताकद लागते. मग ऑफिसात काम करणारा माणूसही शनिवारी तिरंदाज होऊ लागला.

घरांच्या मध्ये बंदूक चालवता येत नाही, गोळी कुठवर जाईल सांगता येत नाही. बाण मात्र वीस-तीस मीटरवरून, झाडावरच्या मचाणातून खाली मारला जातो. चुकला तर मातीत रुततो. न्यू जर्सीत बंदुकीसाठी घरापासून ४५० फूट अंतर ठेवावे लागते. धनुष्यबाणासाठी ते २०१० मध्ये १५० फुटांवर आणले, अट अशी की उंचावरूनच मारायचे. १५० फूट म्हणजे साधारण ४६ मीटर. आपल्या सोसायटीच्या दोन इमारतींमध्ये एवढी जागा कुठे असते?

बाणाने जनावर मरते कसे, हेही सांगितले पाहिजे, कारण विरोध करणाऱ्यांचा खरा मुद्दा तिथेच आहे. बाणाचे पाते रुंद आणि वस्तऱ्यासारखे असते. ते फुप्फुसातून आरपार गेले की रक्तस्राव होऊन हरीण थोड्याच वेळात कोसळते. पण ते जागेवर पडत नाही, धावते. जंगलात पन्नास-शंभर मीटर धावले तर बिघडत नाही. वस्तीत तेवढ्या अंतरात तीन कुंपणे लागतात, आणि हरीण पडते ते परक्याच्या झोपाळ्याखाली. नेम चुकला तर जखमी जनावर निघून जाते. मेरीलँडमधल्या नौदलाच्या एका तळावर अनेक वर्षांच्या नोंदी ठेवल्या होत्या. तिथे बाण लागलेल्या हरणांपैकी १८ टक्के शिकाऱ्यांच्या हाती लागलीच नाहीत. निवडलेले, परीक्षा घेतलेले तिरंदाज असूनही. माणसांचे म्हणाल तर बाण लागून शेजारी जखमी होणे फार विरळा. शिकारीच अधिक वेळा मचाणावरून पडून मणके मोडून घेतात.

मग आजार कमी होतो का? मेन राज्यातल्या मॉनहेगन या छोट्या बेटावर लाइम फार वाढला होता. १९९६ ते १९९९ या काळात तिथली सगळी हरणे मारली, एकही ठेवले नाही. सुरुवातीला गवतावर दबा धरून बसलेल्या मोठ्या गोचिडी उलट वाढल्या, कारण त्यांना चढायला हरीणच मिळेना. मग काही वर्षांत त्या जवळपास नाहीशा झाल्या. पण ते बेट, समुद्रातून नवे हरीण कुठून येणार? कनेक्टिकटमधल्या ममफर्ड कोव्ह या वस्तीत २००० सालापासून हरणे दर चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास आणली. तिथे गोचिडी ७६ टक्क्यांनी आणि रहिवाशांनी सांगितलेले लाइमचे रुग्ण ८० टक्क्यांनी घटले. आकडे आकर्षक आहेत. ती वस्तीही तीन बाजूंनी बंदिस्त होती, आणि रुग्णांचा आकडा लोकांनी स्वतः सांगितलेला आहे, हे ध्यानात ठेवा.

आता न्यू जर्सीतलेच बर्नार्ड्स टाउनशिप घ्या. तिथे मोसमामागून मोसम शिकार करून हरणे चौरस किलोमीटरला ४५ वरून २४ वर आणली, म्हणजे जवळपास निम्मी. गोचिडी कमी झाल्या नाहीत. लाइमही नाही. दहा गोचिडींना एक हरीण होते, आता वीसांना एक. लग्ने तेवढीच लागली, फक्त कार्यालयात गर्दी झाली.

म्हणून माझ्या पेशंटना मी "हो आणि नाही" म्हणालो. चौरस किलोमीटरला चार-पाचच्या खाली हरणे आणून ती वर्षानुवर्षे तिथेच रोखता आली, तर फरक पडण्याची शक्यता आहे. उपनगरात हे धनुष्यबाणाने साधणे महाकठीण. निम्मे रहिवासी आपल्या अंगणात परवानगी देत नाहीत आणि हरणे बरोबर तिथे जाऊन बसतात. शिवाय हौशी शिकाऱ्याला हवी असतात मोठी शिंगे, आणि संख्या कमी होते ती माद्या मारल्यावर. म्हणून काही भागांत आधी मादी मारा, मगच नराची परवानगी, असा नियम करावा लागला. गर्भनिरोधक लशी टोचून पाहिल्या, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी केली. हे उपाय महाग आहेत, आणि नसबंदी झालेला नर मरत नाही, गोचिडींना अंगावर घेऊन फिरत राहतो.

माझे मत विचाराल तर, हरणे कमी करायला इतर प्रामाणिक कारणे आहेत. गाड्या प्राण्यांना धडकून तिथे दरवर्षी सुमारे दोनशे माणसे मरतात. रानातली कोवळी रोपे हरणे उगवूच देत नाहीत. ती कारणे सांगून गावाने मतदान घ्यावे. पण चार-दोन तिरंदाज बसवून "तुमच्या मुलांना लाइमपासून वाचवतो" असे पत्रकात छापणे मला डॉक्टर म्हणून पटत नाही. लोक निर्धास्त होतात आणि संध्याकाळी पोरांचे पाय तपासायचे सोडून देतात.

ते तपासणे मात्र सोडू नका. एप्रिल ते जुलै तिकडे असाल तर गवतातून, झाडीतून आल्यावर गुडघ्यांच्या मागे, जांघेत, काखेत, कानामागे आणि केसांत बघा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. काडी पेटवून चटका देणे, रॉकेल लावणे, हे आपल्याकडचे गुरांचे उपाय तिथे करू नका. जंतू अंगात जायला बहुधा २४ तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून रोज बघण्याला अर्थ आहे. पूर्ण फुगलेली गोचीड निघाली तर ७२ तासांच्या आत तिथल्या डॉक्टरांना दाखवा. डॉक्सिसायक्लिनचा एक डोस द्यायचा का, ते ते ठरवतील. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा, ताप किंवा चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे दिसले तर थांबू नका. वेळेत अँटिबायोटिक मिळाले तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. आणि इथे परतल्यावर ताप आला तर "मी न्यू जर्सीला होतो" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. आपल्याकडे लाइम सहसा डोक्यातच येत नाही. गोचिडींचे दुखणे म्हटले की आम्हाला आठवतो तो २०१६ मध्ये दोडामार्गला आलेला माकडताप, आणि तो निराळ्याच विषाणूचा.

त्या आजोबांना मी हे सगळे फोनवर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मुलीने परवानगीच्या फॉर्मवर सही करावी की नाही?" मी म्हटले, ते घर तिचे आणि नातही तिची. गावाकडून दोनच आकडे मागून घ्यायला सांगा, आज हरणे किती आहेत आणि किती उरवणार आहेत. परवा त्यांचा मेसेज आला. मुलीने ईमेल केला आहे, उत्तर अजून आलेले नाही. नातीच्या मोज्यावर मात्र एक गोचीड सापडली, न चिकटलेली.